आधी लेखी द्या, मग नाव सांगा : अमेरिकेतल्या पुरोगामी मराठी मतदारांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या माझ्या पुरोगामी मराठी मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

२०२८ ची कुजबुज सुरू झाली आहे. अध्यक्षपदासाठी कोण कोण उभं राहणार हे अजून धड ठरलेलं नाही, पण आपल्या गटांमध्ये त्याच्या पुढचा प्रश्न येऊन पोचलाय : उपाध्यक्षपदासाठी जोडीला कोणाला घेतील? मागच्या एका रविवारी जेवणं झाल्यावर दीड तास हीच चर्चा चालली होती. मी गप्प बसले, कारण माझ्या मनात होतं ते दोन वाक्यांत सांगून होण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. पक्षाला जे लिहायचं ते आपण इंग्रजीत लिहितोच. हे आपलं आपल्यात बोलायचं आहे, म्हणून मराठीत.

मी तासगावची. वीसहून अधिक वर्षं मिशिगनमध्ये राहते, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, आणि नागरिकत्व मिळाल्यापासून एकही निवडणूक चुकवलेली नाही. दारोदार फिरले आहे, फोन केले आहेत, थंडीत मतदान केंद्राबाहेर उभी राहिले आहे. तुमच्यातले बरेचजण माझ्याबरोबर होते. त्यामुळे पुढे 'आपण' असं लिहीन तेव्हा त्यात मी आधी आहे असं समजा.

२०१६ चं मला जे सांगायचंय ते मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. त्या वर्षी ८ मार्चला आपले पुरोगामी सिनेटर बर्नी सँडर्स मिशिगनमधली डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, जिंकले. सगळे सर्व्हे हिलरी क्लिंटन मोठ्या फरकाने जिंकणार असं सांगत होते, आणि त्या रात्री आपण एकमेकांना फोन करून रडलो होतो. देशभरात सँडर्सना सव्वा कोटीच्या वर मतं पडली. उमेदवारी मिळाली नाही, ते मान्य करून त्यांनी १२ जुलैला क्लिंटन यांना पाठिंबा दिला. मग आपल्या मनात एकच आशा उरली : जोडीदार तरी आपल्यातला घेतील. एलिझाबेथ वॉरन. शेरॉड ब्राउन. अगदीच नाही तर कामगारमंत्री टॉम पेरेझ.

२२ जुलैला, शुक्रवारी संध्याकाळी फोनवर मेसेज आला. टिम केन. व्हर्जिनियाचे सिनेटर. अध्यक्षांना व्यापार करार झटपट मंजूर करून घेता यावेत म्हणून २०१५ मध्ये मत दिलेले केन. काही मोठ्या बँकांवरचे नियम सैल करा असं सांगणाऱ्या पत्रावर त्याच आठवड्यात सही केलेले केन. आणि त्याच दिवशी विकिलीक्सने पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे ईमेल बाहेर काढले, ज्यांत सँडर्सबद्दल समितीतले लोक काय बोलत होते ते सगळ्या जगाने वाचलं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी अंगावर आल्या. त्या रात्री मला तोंडावर दार आपटल्यासारखं वाटलं.

दारोदार फिरायच्या मतदारयाद्या मी बाजूला ठेवल्या. ऑगस्टमध्ये गेले नाही, सप्टेंबरमध्ये गेले नाही. ऑक्टोबरच्या शेवटी बर्नीच सगळीकडे फिरून विनवतायत हे बघून लाजेने दोन शनिवार गेले. नोव्हेंबरमध्ये मिशिगन आपण १०,७०४ मतांनी हरलो. सगळ्या राज्यात मिळून एवढीच मतं. त्या दोन महिन्यांत मी किती घरांपर्यंत गेले असते, त्यातल्या किती जणांनी दार उघडलं असतं, याचा हिशोब मी अजूनही कधीतरी रात्री करते. एकट्या माझ्यामुळे काही झालं नसतं हे मला कळतं. पण माझ्यासारख्या किती होत्या, तेही मला माहीत आहे.

केन यांच्याबद्दल मी नंतर वाचलं. तरुणपणी कायद्याचं शिक्षण मध्येच थांबवून ते जवळपास एक वर्ष होंडुरासमध्ये जेझुइट मिशनऱ्यांबरोबर राहिले, तिथल्या मुलांना शिकवलं. रिचमंडमध्ये वकिली करताना, वर्णामुळे ज्यांना घर नाकारलं गेलं त्यांचे खटले लढले. हे मला त्या जुलैमध्ये माहीत नव्हतं आणि मी माहीत करूनही घेतलं नाही. मला त्यांच्या नावात फक्त आपला अपमान दिसला.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट मी तेव्हा उलटी वाचली. नाव जाहीर झाल्यावर केन यांनी ट्रान्स पॅसिफिक व्यापार कराराला विरोध जाहीर केला. थोड्याच दिवसांपूर्वी ते त्याच कराराबद्दल चांगलं बोलत होते. मी म्हटलं, बघा, सरडा! आज मला त्याच घटनेत दुसरं काहीतरी दिसतं. उमेदवारी त्यांना मिळाली आणि भूमिका आपली घ्यावी लागली. सव्वा कोटी मतांनी पक्षाला त्या बाजूला ढकलत नेलं होतं, आणि तिकिटावर नाव कोणाचंही असो, त्याला तिकडे जाणं भाग होतं. आपण जिंकलो होतो ते तिथे. आणि मी मात्र नावासाठी रुसून घरी बसले होते.

चार वर्षांनी उलटं झालं. ११ ऑगस्ट २०२० ला जो बायडन यांनी कमला हॅरिस यांचं नाव जाहीर केलं आणि आपल्या व्हॉट्सॲप गटांवर दिवाळी झाली. तासगावहून आईचा फोन आला, "अगं, आपल्या मुलीला मिळालं!" आईला कॅलिफोर्निया नकाशावर दाखवता आला नसता, पण १९ तारखेच्या भाषणात हॅरिस यांनी आपल्या 'चित्ती' म्हणजे मावश्यांचा उल्लेख केला तेव्हा आई टीव्हीसमोर डोळे पुसत होती. मला त्या आनंदाची लाज वाटत नाही. हॅरिस यांची आई श्यामला गोपालन एकोणिसाव्या वर्षी एकट्या बर्कलीला आल्या होत्या. आपल्यापैकी ज्या बायका दोन बॅगा घेऊन इथे उतरल्या त्यांना ते आपलं वाटणारच. बेळगावचे श्री ठाणेदार पुढे डेट्रॉइटमधून काँग्रेसवर निवडून गेले तेव्हाही मला बरं वाटलं होतं, त्यांच्या सगळ्या भूमिका मला पटतात अशातला भाग नाही.

पण हॅरिस यांचं नाव जाहीर झालं त्याच संध्याकाळी माझ्या भाचीचाही फोन आला होता. ती कॅलिफोर्नियात वाढलेली, आणि जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर उन्हाळाभर मोर्चांत होती. ती म्हणाली, "मावशी, आम्ही पोलिसांविरुद्ध रस्त्यावर आहोत आणि तुम्ही सरकारी वकिलाला ओवाळताय." मुलं शाळा बुडवतात म्हणून पालकांवर खटले भरण्याचा कायदा, कॅलिफोर्नियातली मृत्युदंडाची पद्धत घटनाबाह्य आहे असा निकाल २०१४ मध्ये आला त्याविरुद्ध केलेलं अपील, सगळं तिला तोंडपाठ होतं. मी तिला २००४ ची गोष्ट सांगितली : सॅन फ्रान्सिस्कोत एका पोलिसाची हत्या झाल्यावर तीन दिवसांत हॅरिस यांनी सांगितलं होतं की आपण फाशी मागणार नाही, आणि त्याची किंमत त्यांनी अनेक वर्षं मोजली. ती म्हणाली, ते त्या अपिलाच्या दहा वर्षं आधीचं. मी म्हटलं, माणूस एकच. आम्ही दोघी तासभर भांडलो. आम्हा दोघींकडची माहिती खरी होती.

जी गोष्ट आम्ही दोघींनीही काढली नाही ती सांगते. त्याच्या महिनाभर आधी, ८ जुलै २०२० ला, बायडन आणि सँडर्स यांच्या माणसांनी मिळून तयार केलेला ११० पानांचा मसुदा प्रसिद्ध झाला होता. सहा गट होते, प्रत्येकात दोन्ही बाजूंचे लोक. हवामानाच्या गटात सँडर्स यांच्या बाजूच्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ आणि बायडन यांच्या बाजूचे जॉन केरी शेजारी शेजारी बसले होते. आपल्याला हवं ते सगळं त्यात नव्हतं. सरकारी आरोग्य विमा सगळ्यांना, ही आपली मुख्य मागणी त्यात आलीच नाही. पण वीज, गाड्या, घरं, कामगार संघटना यांच्याबद्दल त्यात जे लिहिलं गेलं त्यातलं बरंच पुढे २०२२ च्या हवामान कायद्यात उतरलं. त्या कायद्यात या कामासाठी ३६९ अब्ज डॉलर धरले होते. अमेरिकेने तोवर हवामानासाठी एवढी रक्कम कधीच बाजूला काढली नव्हती. आपल्या गटांवर त्या ११० पानांबद्दल किती मेसेज आले होते? मी मागे जाऊन शोधलं. एकही सापडला नाही. हॅरिस यांच्या नावावर, बाजूने आणि विरोधात, दोन दिवसांत शेकडो आले होते.

इथे तुम्ही म्हणाल, म्हणजे उपाध्यक्षपद बिनकामाचं? गावाकडून आपल्याला विचारतात ना, तुमचा उपाध्यक्ष म्हणजे आमचा उपमुख्यमंत्रीच का? घटनेत नसलेलं पद, नाराजांना सांभाळून घेण्यासाठी केलेलं? तर नाही. हे पद घटनेत आहे आणि त्याला दोन खरी कामं आहेत. सिनेटमध्ये मतं समसमान पडली तर उपाध्यक्ष निर्णायक मत देतो, आणि अध्यक्षाला काही झालं तर त्याच्या जागी तो येतो. हॅरिस यांनी ३३ वेळा असं निर्णायक मत दिलं, त्याआधी कोणत्याही उपाध्यक्षाने एवढ्या वेळा दिलं नव्हतं. हवामानाचा तो कायदा ५१ विरुद्ध ५० असाच मंजूर झाला. पद मोठं आहे म्हणूनच मी हे सगळं लिहिते आहे.

आता फेब्रुवारी २०२१ आठवा. देशाचं किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर. जुलै २००९ पासून तेवढंच. ते पंधरा डॉलर करायची तरतूद कोविडच्या मदत विधेयकात घातली होती, कारण त्या मार्गाने साध्या बहुमतावर काम झालं असतं. सिनेटच्या नियमांवर सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, ज्यांना पार्लमेंटेरियन म्हणतात, २५ फेब्रुवारीला सांगितलं की ही तरतूद या विधेयकात बसत नाही. हा सल्ला असतो. सिनेटच्या अध्यक्षपदी बसणाऱ्या व्यक्तीला तो बाजूला ठेवता येतो, आणि ती व्यक्ती म्हणजे उपाध्यक्ष. रो खन्ना आणि इतर पुरोगामी खासदारांनी तशी लेखी विनंतीही केली. व्हाइट हाउसने नकार दिला. ५ मार्चला सँडर्स यांनी दुरुस्ती म्हणून ती मतदानाला आणली तेव्हा ४२ बाजूने, ५८ विरोधात. आपल्याच बाजूच्या आठ सिनेटरांनी विरोधात मत दिलं, त्यांत बायडन यांच्या डेलावेअरचे दोन्ही होते.

मी न्यायाने बोलायचं ठरवलं आहे, म्हणून हेही म्हणते : हॅरिस यांनी तो सल्ला बाजूला ठेवला असता तरी त्या आठ जणांमुळे तरतूद पडलीच असती, बहुधा सगळं विधेयकही अडकलं असतं. त्यामुळे सगळा दोष त्या खुर्चीला देता येत नाही. पण मला आठवतं, त्या रात्री आमच्या लॅबमध्ये नमुने आणून देणारा, दोन नोकऱ्या करणारा एक मुलगा मला म्हणाला, "तुमच्या लोकांकडे सगळं आहे ना आता? व्हाइट हाउस, दोन्ही सभागृहं?" मला उत्तर सुचलं नाही. आणि मग लक्षात आलं की ऑगस्टमध्ये आपण हॅरिस यांच्या साडीपासून शाळेतल्या बसपर्यंत सगळ्यावर बोललो, पण त्या सिनेटच्या खुर्चीवर बसल्यावर अशा प्रसंगी काय करतील, हे आपण विचारलंच नव्हतं. नाचणाऱ्यांनीही नाही आणि चिडलेल्यांनीही नाही. विचारलं नाही, म्हणून त्यांनी काही कबूल केलं नव्हतं, आणि कबूलच केलं नव्हतं तर मोडलं असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

माझे वडील राष्ट्र सेवा दलात वाढलेले. घरात राजकारणावर बोलणं निघालं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "कार्यक्रम काय?" मंत्रिमंडळात कोण आहे यात त्यांना फार रस नसे. २००४ मध्ये दिल्लीत संयुक्त पुरोगामी आघाडीचं सरकार आलं तेव्हा मी त्यांना इथून फोनवर म्हटलं होतं, डाव्यांनी मोठी चूक केली, जवळपास साठ खासदार असताना एकही मंत्रिपद घेतलं नाही. ते म्हणाले, "किमान समान कार्यक्रम वाच." त्यात ग्रामीण रोजगार हमीचा कायदा करायचं वचन लेखी होतं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००५ मध्ये, तो कायदा संसदेत मंजूर झाला. वडिलांना त्याचं विशेष अप्रूप होतं, कारण हमीची ती कल्पना आमच्या तालुक्यातली. वि. स. पागे यांनी ती आधी तासगावच्या भागात करून पाहिली, मग ७२ च्या दुष्काळात ती महाराष्ट्रभर पसरली, १९७७ मध्ये राज्याचा कायदा झाला. मंत्रिपदं न घेता बाहेर राहिलेल्यांनी आणि खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षं ही मागणी लावून धरणाऱ्यांनी तो कायदा देशाला मिळवून दिला. डाव्यांचं पुढे काय झालं, त्यांनी काय चुका केल्या, तो वेगळा विषय. पण पाठिंबा देण्याआधी लेखी घ्यायचं असतं, ही गोष्ट आपण अमेरिकेत येऊन शिकायला नको होती. ती आपण सामानात घेऊन आलो होतो.

आणि फक्त माणसावर विसंबलं तर काय होतं, हे १९४४ मध्ये इथल्या पुरोगाम्यांनी भोगलेलं आहे. हेन्री वॉलेस तेव्हा उपाध्यक्ष होते. आयोवाचे, शेतीशास्त्र जाणणारे, कामगारांचे आणि कृष्णवर्णीयांचे लाडके. जुलैमधल्या गॅलप पाहणीत पक्षाच्या मतदारांपैकी ६५ टक्क्यांना उपाध्यक्षपदी पुन्हा वॉलेसच हवे होते. हॅरी ट्रुमन यांना हवं म्हणणारे होते २ टक्के. अध्यक्ष रूझवेल्ट आजारी आहेत हे पक्षाच्या पुढाऱ्यांना दिसत होतं, म्हणजे आपण पुढचा अध्यक्ष निवडतोय हेही त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना वॉलेस नको होते. शिकागोच्या अधिवेशनात २० जुलैच्या रात्री सभागृह वॉलेस यांच्या नावाने दणाणून गेलं होतं. फ्लोरिडाचे सिनेटर क्लॉड पेपर त्यांचं नाव सुचवायला गर्दीतून वाट काढत व्यासपीठाकडे निघाले होते. ते पोचायच्या आत अधिवेशनाच्या अध्यक्षांनी हातोडा आपटून सभा दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब केली. रात्रभर पुढाऱ्यांनी राज्याराज्यांच्या प्रतिनिधींना गाठलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत वॉलेस ४२९.५ आणि ट्रुमन ३१९.५, दुसऱ्या फेरीअखेर ट्रुमन १,०३१ आणि वॉलेस १०५. पुढच्या एप्रिलच्या १२ तारखेला रूझवेल्ट वारले. ट्रुमन उपाध्यक्ष होऊन तेव्हा ८२ दिवस झाले होते.

ही गोष्ट आपल्या लोकांत 'दगा' म्हणून सांगतात. मला तीत आणखी एक दिसतं. सभागृहात घोषणा देणारे हजारो होते, देशात लाखो होते, पण त्या रात्री एकेका प्रतिनिधीच्या खोलीचं दार वाजवणारे आपले नव्हते. चार वर्षांनी वॉलेस वेगळा पक्ष काढून उभे राहिले तेव्हा त्यांना अडीच टक्केही मतं पडली नाहीत.

२०२० आणि १९४४ यांत मला साम्य दिसतं ते वारसाचं. नाव जाहीर केलं तेव्हा बायडन सत्त्याहत्तर वर्षांचे होते. ते नाव त्यांनी एकट्याने ठरवलं, मोजक्या सल्लागारांना विचारून. आपण टाळ्या वाजवल्या किंवा नाकं मुरडली. आणि २१ जुलै २०२४ ला बायडन यांनी माघार घेतली तेव्हा, चार वर्षांपूर्वीच्या त्या एका माणसाच्या निवडीने, एकाही प्रायमरीत मत न पडता, पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवारही ठरून गेला होता. वेळ उरली नव्हती, दुसरा मार्ग व्यवहार्य नव्हता, हे मला मान्य आहे. म्हणूनच म्हणते, ती निवड २०२४ च्या जुलैमध्ये झालीच नाही. ती ऑगस्ट २०२० मध्ये झाली, आपण पेढे वाटत होतो तेव्हा.

मग आला ६ ऑगस्ट २०२४ आणि हॅरिस यांचे जोडीदार म्हणून टिम वॉल्झ. या वेळी आपल्याला हवं ते झालं! माझी भाचीसुद्धा खूश होती. मँकेटोच्या शाळेत भूगोल शिकवणारा, फुटबॉलच्या मुलांना तयार करणारा, मिनेसोटात शाळेतल्या प्रत्येक मुलाला सकाळचं आणि दुपारचं जेवण मोफत देणारा गव्हर्नर. आमच्या तासगावच्या शाळेतल्या खिचडीचा वास ज्याच्या आठवणीत आहे त्याला त्या कायद्याची किंमत सांगायला नको. मीही त्या दिवशी आनंदात होते.

दोन गोष्टी मात्र तेव्हाच बोलायला हव्या होत्या. पहिली जरा अवघड आहे. वॉल्झ यांच्या जागी पेनसिल्व्हेनियाचे जॉश शपिरो येऊ नयेत म्हणून आपल्यातल्या अनेकांनी मोहीम चालवली. खाजगी शाळांसाठी सरकारी पैसा देण्याला त्यांचा कल होता, विद्यापीठांतल्या आंदोलकांबद्दल ते वाईट बोलले होते, त्यावर टीका रास्त होती, मीही केली. पण काहींनी त्यांच्या नावाला 'नरसंहार' हा शब्द जोडला. इस्रायलला शस्त्रं देण्याबद्दल वॉल्झ यांची किंवा यादीतल्या इतरांची भूमिका फार वेगळी नव्हती. मग तो शब्द यादीतल्या एकाच माणसाला, जो ज्यू होता, का लागला? आपल्या गटावर तो मेसेज आला तेव्हा मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. ज्यांना नावावरून, धर्मावरून आपल्याच देशात घर नाकारलं जातं त्यांच्या बाजूने उभे राहणारे आपण. हे आपल्याला शोभत नाही.

दुसरी गोष्ट. वॉल्झ यांच्या निवडीचं स्वागत ओकासिओ-कॉर्टेझ यांनी केलं आणि जो मँचिन यांनीही केलं. मँचिन म्हणजे किमान वेतनाविरुद्ध मत दिलेल्या त्या आठ सिनेटरांपैकी एक. दोघांनाही एकाच वेळी आवडलेल्या त्या नावाबरोबर कोणतीही नवी बांधिलकी आलेली नव्हती, हे आपल्या ध्यानात यायला हवं होतं.

मिनेसोटातलं सगळं मी मग बारकाईने वाचलं. वॉल्झ २०१९ मध्ये गव्हर्नर झाले, आणि पहिली चार वर्षं, सिनेट विरोधकांकडे होती तोवर, ज्यासाठी आपण त्यांना डोक्यावर घेतलं त्यातलं जवळजवळ काहीच झालं नव्हतं. २०२२ मध्ये राज्याचं सिनेट त्यांच्या पक्षाकडे आलं, ३४ विरुद्ध ३३, एका जागेने. पुढच्या काही महिन्यांत शाळेतलं जेवण, पगारी रजा, गर्भपाताचा हक्क, २०४० पर्यंत संपूर्ण कार्बनमुक्त वीज, सगळे कायदे झाले. ज्या एका जागेने ते झालं त्या उमेदवाराचं नाव आपल्यापैकी कोणाला माहीत आहे? मलाही नव्हतं. आणि त्याच काळात, २०२३ मध्ये, ॲपवर टॅक्सी चालवणाऱ्यांना किमान मोबदला देणाऱ्या विधेयकावर वॉल्झ यांनी नकाराधिकार वापरला. नर्सेसची संख्या पुरेशी ठेवायला लावणारं विधेयक, राज्यातल्या एका बलाढ्य हॉस्पिटलने गुंतवणूक बाहेर नेण्याचा इशारा दिल्यावर, पातळ झालं. हॉस्पिटलमध्ये काम करणारी म्हणून मला ते लागलं. पण टॅक्सीवाले थांबले नाहीत. पुढच्या वर्षी त्याच वॉल्झ यांनी त्यांच्या मोबदल्याच्या तडजोडीच्या कायद्यावर सही केली. माणूस तोच होता.

गाझाबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. २७ फेब्रुवारी २०२४ ला मिशिगनच्या प्रायमरीत मी 'अनकमिटेड'वर, म्हणजे 'कोणत्याही उमेदवाराला बांधील नाही' या पर्यायावर, खूण केली होती. आमच्या राज्यात एक लाखाहून जास्त जणांनी केली. मिनेसोटात तर प्रमाण आमच्याहून मोठं होतं. हे सगळे बायडन यांना सांगत होते की आमचं मत हवं असेल तर युद्ध थांबवा. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात त्यांचे तीसेक प्रतिनिधी होते. त्यांनी एवढंच मागितलं की व्यासपीठावरून एका पॅलेस्टिनी अमेरिकन व्यक्तीला बोलू द्या. नकार आला. २१ ऑगस्टच्या रात्री मी टीव्हीसमोर बसले होते. आत वॉल्झ यांचं भाषण, त्यांचे जुने विद्यार्थी फुटबॉलच्या जर्सी घालून मंचावर, मुलगा रडत रडत "ते माझे बाबा आहेत" म्हणतोय, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी. हातातल्या फोनवर त्याच इमारतीबाहेर फूटपाथवर बसलेले ते प्रतिनिधी. आपल्या मनासारखा उपाध्यक्षपदाचा उमेदवार आत होता, आणि आपली मागणी बाहेर जमिनीवर बसली होती. मी दोन्हीकडे बघत राहिले.

नोव्हेंबरमध्ये मी हॅरिस आणि वॉल्झ यांनाच मत दिलं, इतरांनाही द्यायला लावलं. मिशिगन आपण ८० हजारांच्या आसपास मतांनी हरलो. आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या, अरब अमेरिकनांची मोठी वस्ती असलेल्या डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले आले. तिथल्या माझ्या सहकारी बाईंना मी त्यानंतर काय बोलावं हे मला कळेना; त्यांनीच माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला.

तर, या वेळी. माझी तुम्हाला विनंती आहे की कोणाचं नाव चांगलं, कोणाचं वाईट, यावर आपण आपली शक्ती आत्तापासून जाळू नये. प्रायमरीच्या काळात उमेदवार आपल्याकडे येतात, इथल्या मंदिराच्या सभागृहात सुद्धा येतात, फोटो काढतात. तेव्हा त्यांना सगळ्यांदेखत विचारायचं : तुम्ही जोडीदार कसा निवडणार? कोणाला विचारणार? १९५६ मध्ये ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी ती निवड अधिवेशनातल्या प्रतिनिधींवर सोडली होती आणि जॉन केनेडींना मागे टाकून एस्टिस केफॉव्हर निवडले गेले होते. म्हणजे ते करता येतं. तुमचा उपाध्यक्ष सिनेटच्या खुर्चीवर बसून किमान वेतनाचा प्रश्न आला तर काय करील, हे लेखी द्या. आमच्याबरोबर २०२० सारखा मसुदा करणार का, आणि या वेळी त्यात आरोग्य विमा असेल का? उत्तर 'हो' आलं तर आपण फिरू. 'नाही' आलं तर दुसऱ्यासाठी फिरू. आणि सरतेशेवटी जे तिकीट ठरेल त्यासाठी, मला पुन्हा २०१६ सारखे दोन महिने गमवायचे नाहीत.

दुसरं काम त्याहून साधं आहे. मिशिगनमध्ये राहता त्यांनी ऐका. सम वर्षांच्या ऑगस्टमधल्या प्रायमरीत आपल्या मतपत्रिकेवर तळाशी 'प्रिसिंक्ट डेलिगेट' असं पद असतं. आपल्याकडचा बूथप्रमुख समजा, फक्त तो मतदारांनी निवडून दिलेला. पक्षाच्या जिल्हा अधिवेशनात मत देणारे हे लोक. अनेक ठिकाणी त्या जागेसाठी कोणी अर्जच भरत नाही. मी वीस वर्षं राजकारणात लुडबूड करते आहे आणि माझ्या बूथचा डेलिगेट कोण हे मला गेल्या वर्षी कळलं : कोणीच नाही, जागा रिकामी. १९४४ ची ती रात्र आठवा आणि आपापल्या बूथचं बघा. इतर राज्यांत नियम वेगळे असतील, पण अशी एक रिकामी खुर्ची तिथेही सापडेल.

यादीची सुरुवात मी करून ठेवली आहे. वहीत तीन ओळी आहेत : किमान वेतन, सगळ्यांना आरोग्य विमा, हॉस्पिटलमध्ये नर्सेसची पुरेशी संख्या. चौथ्या ओळीवर भाची आणि मी अजून भांडतो आहोत. गाझाबद्दलची ओळ कशी लिहायची ते डिअरबॉर्नच्या माझ्या सहकारी बाईंना विचारून लिहिणार आहे, त्या येते म्हणाल्या आहेत. येत्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी दोनला, आमच्या घरी. थालीपीठ करीन. आपापली ओळ लिहून आणा, आणि आपल्या बूथचा नंबरही.

कळावे, लोभ असावा.

तुमचीच,
मिशिगनमधली एक मतदार